फिल्टर काढलेली पिकअप विकताना आणि घेताना



गेल्या काही महिन्यांपासून संस्थेच्या ऑफिसात मासळीच्या दरापेक्षा गाडीच्या सौद्याची भांडणं जास्त येऊ लागलीत. तक्रार बहुतेक एकच असते. जुनी पिकअप घेतली, पैसे मोजले, महिनाभर माल वाहिला आणि पासिंगला नेल्यावर कळलं, की कंपनीनं सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला धुराचा फिल्टर गाडीत नाहीच. त्या जागी नुसता सरळ पाइप. विकणारा म्हणतो, मी घेतली तेव्हाही अशीच होती. घेणारा म्हणतो, मग मला सांगितलं का नाही? दोघंही आपलेच सभासद, कधी कधी तर एकमेकांचे पाहुणे. मागे एका मामा-भाच्याचं असंच झालं. भाच्यानं मामाकडून गाडी घेतली म्हणून खाली वाकून बघितलंच नाही. मामाकडची गाडी काय तपासायची? आता दोघं एका तलावावर जाळं टाकतात, पण बोलत नाहीत.

म्हणून हा विषय एकदा नीट लिहून काढतोय. लेख थोडा लांब आहे. ज्यांना आत्ता गाडी विकायची, बदलायची किंवा घ्यायची आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. शेवटी सौद्याच्या कागदाचा नमुना दिलाय.

आधी हे बघू, की कुठल्या गाडीत काय असतं. कारण बरेच जण २०१२ च्या जुन्या पिकअपमध्ये डीपीएफ शोधतात. त्या गाडीत तो कधी नव्हताच, मग तो गेला कुठे असं विचारण्यात अर्थ नाही. आपल्या देशात बीएस-४ चा नियम १ एप्रिल २०१७ पासून सगळीकडे लागू झाला आणि बीएस-६ चा १ एप्रिल २०२० पासून. मधला बीएस-५ सरकारनं गाळूनच टाकला. बीएस-६ च्या आधीच्या डिझेल पिकअपमध्ये धुराचं सामान थोडंच असायचं. एक ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेल्या धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा, आणि बऱ्याच गाड्यांना एक छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. बीएस-६ डिझेल गाडीत त्यावर भर पडली ती डीपीएफची, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरची. काही गाड्यांना शिवाय युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते, डिझेलच्या टाकीजवळ निळ्या झाकणाची. पेट्रोलच्या गाड्यांना, म्हणजे पेट्रोल छोटा हत्ती, ईको, ओम्नी यांना डीपीएफ नसतो, कन्व्हर्टर असतो.

तुमची गाडी यातली कुठली हे ओळखायला मिस्तरी लागत नाही. आरसीवर बघा, नवीन कार्डावर ते छापलेलं असतं. नसेल तर एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. आरसीवर बीएस-६ लिहिलंय आणि खाली फिल्टर नाही, तर कागद एक सांगतो आणि गाडी दुसरं सांगते. पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

आता हा फिल्टर लोक काढतात का? हौस म्हणून कुणी काढत नाही. आपल्या धंद्यात तो लवकर तुंबतो, हे खरं कारण आहे, आणि ते समजून घ्यायला पाहिजे. डीपीएफ आतून मधाच्या पोळ्यासारखा असतो. बारीक बारीक नळ्या, एका नळीचं पुढचं तोंड बंद, शेजारच्या नळीचं मागचं तोंड बंद. धुराला भिंतीतून झिरपून पलीकडे जावं लागतं आणि काजळी भिंतीला अडकते. जाळ्यात शेवाळ भरलं की पाणी जायचं थांबतं आणि जाळं जड होतं, तसंच इथं. काजळी भरत गेली की इंजिनाला धूर बाहेर टाकायला जोर लागतो, पिकअप मरतो, डिझेल जास्त खातं. ती साफ व्हायला गाडीनं ती जाळून टाकावी लागते. त्यासाठी फिल्टर साधारण साडेपाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत तापावा लागतो. गाडी हायवेवर एका वेगानं पंधरा-वीस मिनिटं चालली की हे काम ती आपोआप करते.

आणि आपण गाडी कशी चालवतो? पहाटे चारला कारंजाच्या काठावर नेऊन लावायची. होड्या येईपर्यंत इंजिन चालूच, कारण कुणाला हीटर पाहिजे, कुणाला मोबाइल चार्ज करायचाय. मग क्रेट आणि बर्फ भरून पाच किलोमीटरवर बाजार. परत येऊन पुन्हा उभी. अशी गाडी तापतच नाही. काजळी जळायला सुरुवात होते न होते तोवर चावी बंद. असं दहा वेळा झालं की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आपण त्याकडे बघत नाही, मग इंजिन जोर टाकतं आणि गाडी तीस-चाळीसच्या वर जात नाही. अशा वेळी कुणीतरी मिस्तरी सांगतो, फिल्टर काढून टाका, पाइप सरळ करून देतो, कॉम्प्युटरमध्ये सॉफ्टवेअर मारतो, दिवा परत लागणार नाही. गाडी लगेच पळायला लागते. मालक खूश.

तो दिवा लागला तेव्हाच हुमनाबादहून सोलापूर-हैदराबाद हायवेवर गाडी अर्धा तास एकसारखी चालवली असती, तर बऱ्याच वेळा काम तिथंच भागलं असतं. त्यानं नाही भागलं तर सर्व्हिस सेंटरमध्ये मशीन लावून उभ्या गाडीवर काजळी जाळता येते. तेही नाही जमलं तर फिल्टर उतरवून साफ करून परत बसवता येतो. नवीन घेणं हा सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात महागडा उपाय. मिस्तरी मात्र सुरुवातच तिथून करतो आणि त्याची किंमत सांगून घाबरवतो. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं आणि मिळेल ते स्वस्त ऑइल टाकणं यानंही फिल्टर लवकर जातो. बीएस-६ च्या डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमपर्यंतच ठेवलंय, आधी ५० होतं, ते या सामानाला सोसावं म्हणूनच.

युरियाच्या टाकीबद्दलही सांगतो, कारण हा प्रकार मी डोळ्यांनी बघितलाय. शेतातला युरिया बादलीत कालवून त्या टाकीत ओततात. तसं करू नका. टाकीत लागतं ते ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध पाण्यातलं द्रावण. खताच्या युरियानं पंप आणि नोझल चोक होतं आणि मग परत तोच सल्ला, काढून टाका. आणि तसली बादली तलावाच्या काठावर धुऊ नका. युरियाचा पाण्यात अमोनिया होतो आणि अमोनियानं मासे काय होतात हे मत्स्यबीज सांभाळणाऱ्यांना मी सांगायला नको.

कन्व्हर्टरची गोष्ट वेगळी. तो मालक काढत नाही, चोर काढतात. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. २०२१ च्या सुमारास ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या कितीतरी पट वर गेला होता. तेव्हापासून गुजरातेत आणि महाराष्ट्रात ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जायच्या तक्रारी पोलिस ठाण्यांत येऊ लागल्या. पेपरात 'सायलेन्सरमधली माती' म्हणून जे येतं ते हेच. ईकोचा कन्व्हर्टर खालून हाताला लागेल असा असतो, म्हणून चोरांची नजर त्याच गाडीवर. आत काहीच नसलेला सायलेन्सर घेऊन गाडी फिरत राहते आणि मालकाला आवाज थोडा बदललाय एवढंच जाणवतं. आपल्याकडे ज्यांच्या ईको आहेत, शाळेची भाडी करतात, मध्येच मासळी नेतात, त्यांनी एकदा खाली बघून घ्या. चोरी झालीच असेल तर पोलिसांत नोंद करून त्याची प्रत ठेवा. गाडी विकताना हाच कागद दाखवेल की सामान तुम्ही काढलेलं नाही.

आता कायदा. मी वकील नाही, पण मोटार वाहन कायद्याची कलमं वाचून जेवढं सरळ दिसतं तेवढं सांगतो. कलम ५२ म्हणतं, कंपनीनं ठरवून दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या गोष्टींपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकानं करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२-ए नव्या रूपात आलं. त्यात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच कलमात नियमाबाहेरची गाडी विकणाऱ्या डीलरसाठी शिक्षा आणखी मोठी आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रदूषणाच्या नियमाबाहेरची गाडी चालवण्यासाठी कलम १९०, पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बंद. हे फक्त ड्रायव्हरवर नाही, गाडी चालवायला देणाऱ्यावरही आहे. प्रत्यक्षात रस्त्यावर किती घेतात ते राज्याप्रमाणे बदलतं.

या १८२-ए मध्ये एक वाक्य आहे ते मला फार महत्त्वाचं वाटतं. विकताना किंवा ताबा देताना गाडी नेमकी कुठल्या बाबतीत नियमाबाहेर आहे हे समोरच्याला सांगितलं होतं, असं सिद्ध करता आलं तर त्या कलमाखाली शिक्षा होत नाही. हे वाक्य मुख्यतः विकणाऱ्या धंदेवाल्यांसाठी लिहिलंय आणि त्यानं गाडी रस्त्यावर चालवायला मोकळीक मिळत नाही. पण लपवलं की सांगितलं, या फरकाकडे कायदा बघतो, एवढं त्यातून दिसतं. आणि सांगितलं हे सिद्ध कसं करणार? चहाच्या टपरीवर सांगितलेलं सिद्ध होत नाही.

घेणाऱ्याला कायदा काय म्हणतो तेही ऐका. १९३० चा माल विक्रीचा कायदा साधारणपणे म्हणतो, की माल बघून घेणं हे घेणाऱ्याचं काम आहे. बाजारात आपणही मासा कल्ला उघडून बघतोच की. पण १८७२ च्या करार कायद्यात मुद्दाम झाकून ठेवणं ही फसवणूक धरली आहे. नुसतं गप्प बसणं वेगळं आणि दिवा लागू नये म्हणून सॉफ्टवेअर मारून, रिकाम्या डब्याला रंग देऊन बसवणं वेगळं. हे दुसरं झाकणंच आहे. आपल्यात 'मी बोललो नाही पण खोटंही बोललो नाही' असं म्हणणारे बरेच आहेत. दिवा बंद करून ठेवलेल्या गाडीबद्दल हे म्हणणं टिकत नाही.

दिवा लागू नये म्हणून सॉफ्टवेअर बदलणं हे काही आपल्या गल्लीतल्या मिस्तरीनं शोधलेलं नाही. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत उघड झालं, की फोक्सवॅगन कंपनीनं डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर घातलं होतं, की तपासणी चालू असताना धूर कमी आणि रस्त्यावर कितीतरी जास्त. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादानं मार्च २०१९ मध्ये त्या कंपनीला ५०० कोटींचा दंड सुनावला, पुढे ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. एवढी मोठी कंपनी लपवू शकली नाही, आणि आपण बाराशे रुपयांच्या स्कॅनरपुढे लपवायला बघतो.

आपण सीमेवरची माणसं, म्हणून आपला गुंता इतरांपेक्षा एक पदर जास्त. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथल्या गाड्या उदगीर, निलंगा, उमरगा, अक्कलकोट, सोलापूरकडून येतात आणि तिकडे जातात. काही जहीराबादकडच्या. एमएच पासिंगची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेतो आणि तशीच चालवतो. दुसऱ्या राज्याची गाडी आपल्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, इथला टॅक्स आणि इथं गाडी दाखवणं. फिल्टर नसलेली गाडी अडकते ती इथं. तिकडच्या आरटीओनं एनओसी दिली, तिकडचा मालक पैसे घेऊन मोकळा झाला, इकडं इन्स्पेक्टर म्हणाला बीएस-६ आहे, फिल्टर दाखवा. गाडी ना तिकडची ना इकडची. टॅक्स भरलेला आणि गाडी दारात उभी, अशी एक गाडी सध्या आपल्याच एका सभासदाच्या अंगणात आहे. तिच्यावर कोंबड्या बसतात.

विकणाऱ्यालाही सीमा सोडत नाही. त्याच राज्यात विकली तर १४ दिवसांत आणि बाहेरच्या राज्यात विकली तर ४५ दिवसांत आपल्या आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. आपल्याकडे सर्रास काय चालतं, कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दलालाच्या हातात द्यायचं. गाडी पुढे तीन हात फिरते आणि आरसीवर नाव तुमचंच. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की अपघात झाला तर भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल, गाडी मधे किती जणांना विकली ते बघितलं जाणार नाही. तो खटला अपघाताचा होता, धुराचा नव्हता. पण गाडी प्रदूषणात पकडली तरी ऑनलाइन चलन ज्याच्या नावावर गाडी त्याच्याच मोबाइलवर येतं, हे काही जणांनी अनुभवलंय.

शोरूमच्या एक्सचेंजमध्ये गाडी द्यायची असेल तर आता जरा सोपं झालंय. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत नोंदणी घ्यावी लागते. तुम्ही त्याला गाडी दिली की फॉर्म २९-सी भरून पोर्टलवर कळवायचं. तिथून पुढे गाडी विकेपर्यंत जबाबदारी डीलरची धरली जाते. म्हणून एक्सचेंजवाल्याला पहिला प्रश्न विचारा, तुमची नोंदणी आहे का आणि २९-सी करणार का? नाही म्हणाला तर तो नुसता दलाल आहे, कोट कितीही चांगला असो.

दुसरं, एक्सचेंजचा फॉर्म वाचून सही करा. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की गाडीतलं सगळं मूळ सामान जागेवर आहे असं मी जाहीर करतो. इंग्रजीत असतं, आपण बघत नाही. शोरूमच्या माणसानं पहिल्या दिवशी वरवर बघून भाव ठरवला, नवीन गाडीचं बुकिंग झालं, लोन पास झालं आणि ताबा द्यायच्या दिवशी त्यांच्या वर्कशॉपनं स्कॅनर लावला, फिल्टर नाही. मग भाव एकदम खाली. तोपर्यंत तुम्ही मागे फिरू शकत नाही, कारण नवीन गाडी नावावर होऊन दारात आलेली. शोरूमला मी दोष देत नाही, त्यांनी सामान नाही म्हणून पैसे कापले. पण हे पहिल्याच दिवशी तुम्ही स्वतः सांगितलं असतं तर दोन-तीन शोरूम फिरून भाव तरी विचारता आला असता.

आता तपासायचं कसं. होडीवाले आणि घरची मंडळी, दोघांनाही जमेल असं सांगतो. सकाळी गाडी थंड असताना जा. विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवली असेल तर तिथंच थोडं सावध व्हा. चावी फक्त ऑन करा, स्टार्ट करू नका. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि स्टार्ट केल्यावर विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड आहे. पण चावी ऑन केल्यावर तो लागलाच नाही, तर ते त्याहून वाईट, म्हणजे कुणीतरी तो मुद्दाम मारलाय. मग बोटाला फडकं गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात फिरवा. बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ चांगला असेल तर पाइप आतून बऱ्यापैकी स्वच्छ निघतो. फडकं काळंकुट्ट झालं तर फिल्टर फुटलाय किंवा नाही. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं चेकिंग आहे, माझ्या मते.

मग खाली वाका. इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत पाइपच्या वाटेवर जिथं जाड डबा असतो तिथं ताजं वेल्डिंग, वेगळ्या रंगाचा पाइप, किंवा सेन्सरची वायर नुसतीच टांगलेली दिसते का बघा. डब्यावर पान्यानं हळूच टिचकी मारा, आत भरलेला असेल तर आवाज दबका येतो, रिकामा असेल तर डबा वाजतो. युरियाची टाकी असलेल्या गाडीत टाकी कोरडी आणि तरी डॅशबोर्ड गप्प, तर समजा मधे काहीतरी बसवलंय. शेवटी स्कॅनर. कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये असतो. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब यातला फरक बघायला सांगा. इंजिनाला रेस दिल्यावर तो फरक थोडा तरी वाढला पाहिजे. शून्यावरच बसून राहिला तर मधे अडवणारं काही नाही.

पीयूसी आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. जून २०२१ पासून पीयूसीचा नमुना देशभर एकच झालाय, क्यूआर कोड असतो, मालकाचा मोबाइल नंबर लागतो, नापास गाडीला नापासाची पावती द्यायची सोय आहे. पण डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे धूर किती काळा एवढंच मोजणं. खाली फिल्टर आहे का, हे तो माणूस वाकून बघत नाही. नव्या इंजिनाची गाडी फिल्टर नसतानाही एखाद्या वेळी पास होऊन जाते. दोन वर्षांनी इंजिन थोडं ढिलं झालं की मग नाही होत.

भावाचं बोलू. फिल्टर नसलेली गाडी विकायचीच नाही असं मी म्हणत नाही. अडचणीत माणूस विकतो, आजारपण असतं, बँकेचा हप्ता असतो. सगळ्यात बरं म्हणजे सामान परत बसवून मग विका. बऱ्याच वेळा काढलेला जुना डबा मिस्तरीकडे किंवा घराच्या मागे पडलेला असतो. तो भंगारात देऊ नका, साफ करून बसतो का ते आधी विचारा. ते जमत नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सामान, मजुरी आणि सॉफ्टवेअर परत मूळ करायचा खर्च लेखी घ्या आणि तेवढे पैसे किमतीतून कापा. घेणाऱ्यानं गाडी आधी वर्कशॉपला न्यायची, मग मालाला. आपल्यात उलटं होतं, पैसे कापून घेतो, फिल्टर बसवत नाही आणि दोन वर्षांनी तीच गाडी काही न बोलता पुढच्याला देतो. मामा-भाच्याच्या गाडीत नेमकं हेच होतं. मामानं घेताना कमी भावात घेतली होती आणि भाच्याला पूर्ण भावात दिली.

ज्यांची गाडी पंधरा वर्षांच्या पुढची आहे त्यांनी विकायच्या आधी सरकारमान्य स्क्रॅप केंद्राचा भावही विचारून बघा. तिथं मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या मालवाहू गाडीच्या टॅक्समध्ये १५ टक्क्यांपर्यंत सूट द्यायची तरतूद केंद्रानं केली आहे. नवीन घेणाऱ्यांनी मत्स्यसंपदा योजनेचंही विचारावं. त्यात बर्फपेटी असलेली मोटरसायकल, तीनचाकी आणि इन्सुलेटेड गाडी यांना मदत आहे, सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातीला ६० टक्के. अशी गाडी पुढे विकायची झाली तर आधी खात्याची अट बघून घ्या.

धुराचं एवढं काय घेऊन बसलात, तलावावर मोकळी हवा आहे, असं एकानं मला विचारलं. पहाटे काठावर बघा. चार गाड्या मागे वळवून लावलेल्या, इंजिन चालू, आणि बरोबर सायलेन्सरच्या तोंडाशी बायका बसून मासळी निवडतायत, शेजारी पोरं. वाऱ्याला तेव्हा जोर नसतो, धूर पाण्यावरच बसून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्येच डिझेलच्या धुराला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. ज्या गाडीचा फिल्टर काढलाय तिची काजळी सगळ्यात आधी आपल्याच घरच्यांच्या छातीत जाते, आरटीओच्या नाही. निदान भरायला लावलेली गाडी बंद तरी करा. फिल्टर असलेल्या गाडीलाही त्यानं फायदाच आहे.

आता कागद. स्टॅम्प पेपरवर किंवा साध्या कागदावर, पण दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार पाहिजेत. आपल्या भाषेत लिहा, दलालाच्या इंग्रजी छापील फॉर्मवर भागवू नका. मजकूर असा:

'गाडी नंबर ______, चेसिस नंबर ______, आरसीप्रमाणे भारत स्टेज ______ ची आहे. या गाडीतील डीपीएफ / कन्व्हर्टर / ईजीआर / युरिया यंत्रणा यांपैकी ______ सध्या गाडीत नाही किंवा बंद केलेली आहे. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये सॉफ्टवेअर बदललेले आहे / नाही. हे घेणाऱ्यास प्रत्यक्ष गाडीखाली दाखवले असून स्कॅनरची पावती सोबत जोडली आहे. ______ सर्व्हिस सेंटरच्या दि. ______ च्या कोटेशनप्रमाणे सामान परत बसवण्याचा खर्च रु. ______ येतो, तो ठरलेल्या किमतीतून वजा केला आहे. सामान बसवून पीयूसी मिळेपर्यंत गाडी घेणारा रस्त्यावर चालवणार नाही. फॉर्म २९ व ३० पूर्ण भरून आज सह्या केल्या आहेत, कोरे फॉर्म कोणाकडे दिलेले नाहीत. काढलेले जुने सामान घेणाऱ्यास दिले आहे / दिलेले नाही.'

कंस भरायचे, नको ते खोडायचं, खोडलेल्या जागी दोघांनी सही करायची. इसार देण्याआधी हा कागद करा, नंतर नको. छापील नमुना मराठीत आणि कन्नडमध्ये ऑफिसात ठेवलाय, फुकट आहे. येताना आरसीची झेरॉक्स आणा. गाडी संस्थेच्या आवारात आणून दाखवायची असेल तर सकाळी लिलाव संपल्यावर या, तेव्हा जागा मोकळी असते.

— सचिव